साक्षीचा डबा

माझ्या मामाची जीभ त्याच्या मालकीची नव्हती, कारखान्याची होती. सकाळी कोमट पाणी आणि सुका पाव, दुपारी उकडलेला बटाटा, संध्याकाळी जे काही असेल ते बिनतिखट, बिनमसाल्याचं. कांदा-लसूण सुट्टीच्या दिवशीही नाही. घरात कुणी नुसतं शिंकलं तरी मामाला बाहेरच्या खोलीत हलवलं जायचं, जणू काही तोच आजारी. मामी म्हणायची, "लग्न माझ्याशी केलं आणि जीभ तेवढी तिकडे ठेवून आले."

तरी ती रोज जेवताना विचारायचीच, "कसं झालंय?"

मामा मान वर न करता सांगायचा, "मागच्यासारखंच."

मामी चिडायची, आम्ही भाचरं हसायचो. तीस वर्षं त्या घरात हाच प्रश्न होता आणि हेच उत्तर होतं.

कारखाना पाईपच्या तंबाखूचा. मामा तिथला चव बघणारा. सगळे त्याला तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि माघारी 'जीभ'. "जिभेने पास केलं का?" "आज जीभ रजेवर आहे, माल हलणार नाही." मामाला हे नाव माहीत होतं आणि मनातून ते आवडतही होतं. मी अकरा वर्षं त्याच्या हाताखाली तपासणीची वही लिहिली. मला तिथे त्यानेच चिकटवलं, हे मी कधी लपवलं नाही. अक्षर चांगलं होतं आणि तोंड बंद ठेवता येत होतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मामीचं मत वेगळं आहे.

तपासणीची खोली दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीची, म्हणजे पानावर ऊन पडू नये. एक टेबल, एक तराजू, हात धुवायचं बेसिन, भिंतीला लाकडी कपाट. खालून डब्यांवर कागद चिकटवायच्या खळीचा वास यायचा म्हणून दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, ते माझं काम. सारख्याच लाकडाचे तीन पाईप, बुडाला आकडे कोरलेले. मी पडद्याआड बसून ते भरायचे. कशात जुना माल आणि कशात नवा, हे मामाला कळू द्यायचं नाही.

आधी तो पान तळहातावर घेऊन चुरडायचा, चिमटीत दाबून सोडायचा. चिमूट सावकाश उमलली तर ओल बरोबर. मग वास, आधी एका नाकपुडीने, मग दुसऱ्या. मग पाईप पेटवायचा आणि तो डोळे मिटून ओढायचा. पाईपच्या वाटीतल्या वरच्या हिश्शाची चव वेगळी, मधल्याची वेगळी, तळाची वेगळी, आणि तिन्हींवर तो वेगवेगळं बोलायचा. मधे कोमट पाण्याने चूळ. शेवटी राख कागदावर झाडून तिचा रंग बघायचा. एका पाईपला पाऊण तास. तेवढ्या वेळात मी खुर्चीसुद्धा सरकवायची नाही.

त्याचा जीव अडकला होता तो 'क्रमांक नऊ'मध्ये. कारखान्याचं सगळ्यात जुनं मिश्रण. पिवळं गोड पान, थोडं आंबूस बारीक पान, आणि लाकडाच्या धुरावर वाळवलेलं काळं पान. ते मिश्रण मामाच्या गुरूने, वस्तादांनी बांधलेलं. डब्यावर अजूनही छापलेलं असायचं, 'वस्तादांच्या हातचा'. वस्तादांना मी पाहिलेलं नाही. मामा हमाल म्हणून आलेला, त्यांनी त्याला उचलून वर नेलं आणि बारा वर्षं शेजारी बसवून शिकवलं. जाताना त्यांनी मामाचा हात धरून एवढंच मागितलं, "माझा नऊ केसभरही हलू देऊ नकोस." मामाने शब्द दिला. त्याच्या आयुष्यात त्याने फार कुणाला शब्द दिले नाहीत, पण जो दिला तो दगडावरची रेघ.

ती रेघ पाळायची पद्धतही वस्तादांचीच. नऊची घाणी, म्हणजे एका वेळी तयार केलेला माल, वर्षातून चार वेळा निघायची. प्रत्येक घाणीतला एक डबा बंद करून कपाटात ठेवायचा. त्याला 'साक्षीचा डबा' म्हणायचे. पुढची घाणी तयार झाली की तो डबा उघडायचा, नवा माल त्याच्याशी ताडून बघायचा. जुळला की मी वहीत लिहायचे, 'मागच्यासारखाच', आणि मामा सही करायचा. साक्षीचा डबा संपला की त्याच्या जागी नवीन घाणीतला डबा बसायचा. फार जुना डबा ठेवायचा नाही, कारण तंबाखू डब्यात मुरत जातो, गोडावतो. मुरलेल्या मालाशी ताजा ताडला तर फसगत होते. वस्ताद असं म्हणायचे आणि ते खरंच होतं.

वस्तादांच्या मागे त्यांच्या पत्नी, काकू, राहिल्या. मूलबाळ नाही. जिन्याखालच्या दोन खोल्यांत एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या, शेजारीण येऊन हवं-नको बघायची. त्यांनी जन्मात कधी पाईप ओढला नव्हता. पण उशाशी नऊचा एक डबा असायचा. वास उडाला की मामा नवा नेऊन द्यायचा. मी दर वेळी बरोबर जायचे. त्या झाकण काढायच्या आणि डबा नाकाशी धरून राहायच्या. आम्ही भिंतीकडे बघत बसायचो.

तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बाळ, हा त्यांचा वास नाही रे."

मामा हसला. "काकू, नऊच आहे. मी स्वतः पास केलाय."

"असेल. पण त्यांच्या कोटाला असा वास यायचा नाही."

"काकू, तुमचं नाक आता म्हातारं झालंय. वय झालं की माणूस वास विसरतो. तुमचा दोष नाही त्यात."

तो अगदी मायेने बोलला होता, हे मी शपथेवर सांगेन. काकूंनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी दोन-तीनदा तोच विषय काढला, पण दर वेळी अर्धवटच, चोरून बोलावं तसा. मामा दर वेळी तेच सांगायचा. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. बाहेर आल्यावर मामा मला म्हणायचा, "बिचारी. वस्तादांनाच विसरत चालली." मीही मान डोलवायचे. जिथे मामाची जीभ, तिथे माझी मान.

मागच्या हिवाळ्यात काकूंना खोकल्याने फार धरलं. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी शेजारणीकडून पलंगाखालची पेटी ओढून घेतली. कपड्यांच्या तळाशी, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला एक डबा होता. कडेला गंज, पण सील शाबूत.

"त्यांच्या शेवटच्या घाणीतला," काकू म्हणाल्या. "त्यांनीच घरी आणून ठेवलेला. मी उघडला नाही. उघडला की संपणार. आता मी तरी किती दिवस? तू घेऊन जा आणि बघ. माझं नाक गेलंय की नाही, ते एकदा मला खरं सांग म्हणजे झालं."

बाहेर पडल्यावर मामा म्हणाला, "म्हातारीचं समाधान. सव्वीस वर्षांचा माल, मऊ गोड झाला असेल. काय कळणार त्यात?" पण डबा त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि वर हात दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं कोंबलं, पडद्याआड बसले आणि झाकणाच्या कडेत नाणं घालून फिरवलं. 'फुस्' असा बारीक आवाज झाला. मग वास आला. पाण्याने विझवलेल्या लाकडाचा, जुन्या चामड्याचा आणि खाली कुठेतरी गोड. मी अकरा वर्षं नऊची वही लिहीत होते आणि हा वास मला नवीन होता. मी डब्यावरचा आकडा दोनदा वाचला. नऊच होता.

मी तीन पाईप भरून बाहेर आणले. एकात वस्तादांचा, एकात साक्षीच्या डब्यातला, एकात ताजा. मामाने पहिला ओढला, दुसरा ओढला. "हे दोन्ही एकच. मागच्यासारखाच," तो म्हणाला. मग तिसरा पेटवला. दोन झुरक्यांनंतर त्याने डोळे उघडले. चव बघताना त्याने डोळे उघडलेले मी कधी पाहिले नव्हते. पण पाईप खाली ठेवला नाही, तळापर्यंत ओढला. पाऊण तास तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला दिसत नव्हते.

मी म्हणाले, "मामा, मुरलाय तो. सव्वीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

तिथेच त्याने माझं ऐकायला हवं होतं. सगळ्यांची सुटका झाली असती. मालकांनी मानलं असतं, काकूंनीही मानलं असतं.

"मुरल्यावर गोडवा वाढतो," मामा म्हणाला. "धूर कमी होतो. धुराच्या पानाचा जोर वर्षागणिक उतरत जातो, चढत कधी नाही. सव्वीस वर्षं उतरूनही याच्यात आपल्यापेक्षा दुप्पट धूर आहे. मग तेव्हा किती असेल?" मग पाईप खाली ठेवून म्हणाला, "वह्या काढ."

कपाटातून सगळ्या वह्या काढल्या. एकशे चार घाण्या. त्यातल्या शेवटच्या चव्वेचाळीस माझ्या अक्षरात. पानापानावर 'मागच्यासारखाच', खाली मामाची सही. पण काही ठिकाणी शेऱ्याच्या रकान्यात एक बारीक ओळ होती: 'धूर किंचित कमी, चालेल.' मामा बोटाने ओळी मोजत गेला. सव्वीस वर्षांत सतरा वेळा 'धूर किंचित कमी'. 'किंचित जास्त' एकदाही नाही. धुराचं पान दर हंगामाला जरा फिकं येत गेलं, आणि दर वेळी त्याची तुलना झाली ती आधीच फिक्या झालेल्या मालाशी. कुणी चोरी केली नव्हती, कुणी भेसळ केली नव्हती. तिळतिळ करत वस्तादांचा नऊ आमच्या डोळ्यांदेखत निघून गेला होता आणि आम्ही दर तीन महिन्यांनी त्याच्या जाण्यावर सही केली होती. त्यातले काही 'किंचित' मी लिहिले होते, छान वळणदार अक्षरात.

संध्याकाळी घरी मामाने मामीला सगळं सांगितलं. तो घरी कारखान्यातलं कधी बोलायचा नाही, ताकास तूर लागू द्यायचा नाही, म्हणून मामीने शिलाईचं मशीन थांबवलं. ती दवाखान्यासाठी उशांचे अभ्रे शिवायची, शेकड्याने.

"म्हणजे तुम्ही दर वेळी शेवटच्यावरून पुढचा बघायचा?" तिने विचारलं.

"हो."

"अहो, असं कुणी करतं का? मी पहिला अभ्रा खुंटीला टांगून ठेवते, सगळे त्याच्यावरून कापते. कापलेल्यावरून कापत गेलं की विसाव्याला बोटभर फरक पडतो. हे तर कालची पोरगीसुद्धा सांगेल."

तिच्या मागे खुंटीवर तो अभ्रा टांगलेला होता. वर्षानुवर्षं तिथेच असायचा. मामा रोज त्याच्याशेजारी आपला कोट अडकवत असे. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि मग जेवला नाही. मामीने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का गं?" मी म्हटलं, "नाही मामी. अगदी बरोबर बोललीस." आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंकडे गेलो. वाटेत मी त्याला म्हणाले की अर्धं सांग, पुरे होईल. पलंगाशी खुर्ची ओढून त्याने सगळं सांगितलं. वह्या, सतरा 'किंचित', अभ्रा, सगळं. आवाज सरळ होता. शेवटी म्हणाला, "काकू, तुमचं नाक गेलं नव्हतं. माझी जीभ गेली होती. वस्तादांना दिलेला शब्द मी पाळला नाही, आणि वर तुम्हालाच खोटं पाडलं."

मग त्याने डबा उघडून त्यांच्या हातात दिला. काकूंनी तो नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की मी मान फिरवली.

"म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू."

"तीन वर्षं मी यांची मनातल्या मनात माफी मागतेय रे. म्हटलं, एवढी चाळीस वर्षं संसार केला आणि मला साधा वास धरून ठेवता येईना. कसली बायको मी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मामाही बहुतेक त्याचीच वाट बघत होता. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "झाकण लाव घट्ट. थोडा उरू दे."

त्यानंतर दोन महिने मामाने वस्तादांचा नऊ परत बांधायचा प्रयत्न केला. धुराचं पान वाढवलं, पुन्हा वाढवलं, आणि प्रत्येक नमुना बरण्यांत मुरत ठेवला. नमुने तो काकूंकडे न्यायचा. जन्मात पाईप न ओढलेली ती बाई पडल्या पडल्या वास घेऊन सांगायची, "नाही." "नाही." "जवळ आलाय." आणि पाचव्या नमुन्याला, "हा. हाच." मी वहीत त्यांचा शब्द लिहिला. सहीच्या जागी मामाने त्यांचा अंगठा घेतला.

मी खूश झाले होते. परतताना म्हणाले, "मामा, जमलं की! आता तरी हस."

तो म्हणाला, "तो पाचवा मी ओढला. मला तो चुकलेला वाटतो गं. धूर अंगावर येतो. माझ्या जिभेला आपला फिकाच बरोबर लागतो, वस्ताद परके लागतात. आता काय करायचं सांग."



मालकांनी पाचवा नमुना दहा जुन्या दुकानदारांना दिला. दहाही जणांनी परत पाठवला. 'हा आमचा नऊ नव्हे.' मालक माणूस वाईट नव्हता. मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, लोकांना जो आवडतो तोच नऊ. तुम्ही उगाच जिवाला लावून घेता." मामाने डब्यावरची 'वस्तादांच्या हातचा' ही ओळ काढा म्हणून विनवलं. ते म्हणाले, बघू. ती ओळ अजून आहे.

त्याच आठवड्यात एकशे पाचवी घाणी आली. मामाने तीन पाईप ओढले, चुळा भरल्या, राख बघितली. मी पेन उघडून बसले होते.

"लिही," तो म्हणाला. "मागच्यासारखाच."

मी लिहिलं. त्याने खाली सही केली, पेन बंद केलं, तिन्ही पाईप धुऊन फडक्यावर पालथे ठेवले आणि कोट घालून निघाला. परत गेला नाही. आता त्या खोलीत दुसरा माणूस आहे. मी अजून वही लिहिते. पाचव्या नमुन्याचा एक डबा मी कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवलाय. तो कुणी मागत नाही.

काकू वसंतात गेल्या. शेजारणीने सांगितलं, उशाशी डबा होता, झाकण घट्ट लावलेला.

मामा घरी बसतो. मामीला वाटलं, चला, आता तरी नवरा जिभेसकट घरी आला. पहिल्याच रविवारी तिने तीस वर्षांचं उट्टं काढलं. कांदा, लसूण, मिरची, सगळं घालून झणझणीत रस्सा केला. मी होते तिथे. वाफ नाकात गेली तशी मला शिंक आली, आणि या वेळी कुणी कुणाला बाहेरच्या खोलीत हलवलं नाही. मामा खाली मान घालून जेवला. कपाळावर घाम आला होता. मामी पदराला हात पुसत समोर उभी, चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

मी मनात म्हटलं, मामा, एवढं एकदा काहीतरी चांगलं बोल.

त्याने घास खाली ठेवला. बराच वेळ तोंडातल्या तोंडात चव शोधत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. "तूच सांग."